अर्ध्या मिनिटाचा हिशेब
(लेखांक ६)

रिश्टरचा आकडा या आठवड्यात घेऊ म्हटलं होतं, तो पुढे ढकलतोय. कारण देवळाली प्रवऱ्याच्या एका वाचकांचं पत्र. "किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. धक्का इथं जाणवला, तर तो किल्लारीला झाला हे यंत्राला कळतं कसं?" इतका नेमका प्रश्न आल्यावर रिश्टरसाहेबांना आठवडाभर थांबवायला हरकत नाही.

भूकंपाच्या पी आणि एस या दोन लहरी आठवत असतीलच. पी दाबत-ताणत येते, कठीण खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. एस आडवी हलवत येते, तिला साडेतीनच जमतात. निघतात मात्र दोघी एकदमच. गळिताच्या हंगामात एकाच फडातून ट्रॅक्टर आणि बैलगाडी बरोबर निघाले, तर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर आधी येणार. फड जितका लांब, तितकी गाडी उशिरा. भूकंपाचंही तसंच. दर किलोमीटरला एस साधारण ०.१२ सेकंदाने मागे पडते, म्हणजे एका सेकंदाच्या फरकामागे आठ-सव्वाआठ किलोमीटर धरायचे.

आता देवळालीचाच हिशेब करू. गावापासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथली जमीन हलली. देवळालीत भूकंपमापक असता तर आधी सरळ रेषेत बारीक थरथर उमटली असती, आणि सुमारे तीस सेकंदांनी मोठे झोके. तीस गुणिले सव्वाआठ, अडीचशे. अंतर मिळालं!

दिशा मात्र मिळाली नाही. आणि इथेच मला हे पत्र फार आवडलं, कारण देवळालीहून कोयनानगरही जवळजवळ तितकंच लांब आहे! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला झालेल्या धक्क्यातही या गावात तेच अर्धं मिनिट मोजलं गेलं असतं. शाळेचा नकाशा घ्या, कंपासचं टोक देवळालीवर ठेवा आणि २५० किलोमीटरचं वर्तुळ काढा. ते किल्लारीजवळून जातं, कोयनेजवळून जातं, वर सातपुड्यात सेंधव्याजवळूनही जातं. पहिला हिसका कुठल्या बाजूने बसला यावरून दिशेचा अंदाज बांधतात, पण एकाच ठाण्याच्या भरवशावर कोणी ठाम बोलत नाही.

म्हणून पुण्याला विचारायचं. पुण्याहून कोयना सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, तिथला फरक १५ सेकंदांचा. किल्लारी पावणेतीनशेच्या पुढे, म्हणजे ३४ सेकंद. पुण्याने १५ सांगितले की किल्लारी आणि सेंधवा दोन्ही बाद. तरी काम संपत नाही. पुण्याचं आणि देवळालीचं वर्तुळ एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात: एक छेद कोयनेला, दुसरा श्रीवर्धनच्या पश्चिमेला थेट अरबी समुद्रात. निकाल मुंबई देते. समुद्रातला बिंदू तिच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर, फरक ११ सेकंद; कोयना १९० च्या पुढे, फरक २३-२४. तीन ठाणी लागतात ती याचसाठी. हल्ली संगणक डझनावारी ठाण्यांच्या नोंदी एकदम घेतो, पण पोटात गणित हेच.

एक शंका चाणाक्ष वाचक काढतीलच: भूकंप तर जमिनीखाली होतो, मग नकाशावरचं अंतर कसं चालेल? किल्लारीचा उगम दहाएक किलोमीटर खोल धरा. पायथागोरस लावला तर देवळालीपासूनचं अंतर २५० ऐवजी २५०.२ होतं, इतक्या लांबून खोली दिसतच नाही. ती काढायची तर यंत्र उगमाच्या अगदी जवळ हवं. मोठ्या धक्क्यानंतर तज्ज्ञ फिरती यंत्रं घेऊन त्या गावांकडे धावतात, त्याचं एक कारण हे.

रिश्टर पुढच्या आठवड्यात, नक्की.