प्रेसला फाईल पाठवताय? आधी हे ५ मुद्दे तपासा

माझ्या दुकानाची पहिली दिवाळी. २,००० पॅम्प्लेट छापायला दिली. डिझाईन मोबाईलवर झकास दिसत होतं, म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि सांगितलं, "छापून टाका." गठ्ठे आले तेव्हा पोपटी रंग शेवाळी झालेला आणि फोन नंबरचा शेवटचा आकडा कटिंगमध्ये उडालेला! पैसे पूर्ण द्यावे लागले, कारण चूक माझ्या फाईलची होती. रात्रभर बसून पेनाने आकडा लिहिला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतो.

१. रंग: स्क्रीन आरजीबीत रंग दाखवते, प्रेस सीएमवायके शाईत छापते. भडक पोपटी, चमकदार निळा शाईत उतरत नाही. फाईल आधीच सीएमवायकेत बदलून बघा.

२. रिझोल्यूशन: ३०० डीपीआय ठेवा. ए-फाईव्ह पॅम्प्लेटसाठी साधारण १७४८ x २४८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की क्वालिटी घसरते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

३. ब्लीड: कटिंग मशीन एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. म्हणून बॅकग्राऊंड चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर वाढवा आणि मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत घ्या. माझा आकडा इथेच गेला.

४. फॉन्ट: मराठीत हा घोळ हमखास होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की भलतीच चिन्हं दिसतात. कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्ह्जमध्ये बदला, मग पीडीएफ करा. पण मूळ फाईल जपून ठेवा, कर्व्ह्ज केल्यावर मजकूर टाईप करून दुरुस्त करता येत नाही.

५. प्रूफ: सगळ्यात महत्त्वाचं! एक प्रिंट काढून मागा. फोन नंबर स्वतः डायल करून बघा, क्यूआर कोड स्कॅन करा, पत्ता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. मगच "ओके" म्हणा, तेही लेखी.

प्रेसवाला तुमचं डिझाईन तपासत नाही, तुम्ही दिलेली फाईल छापतो. तुमच्या एका "ओके"नंतर झालेली चूक २,००० वेळा छापली जाते. म्हणून ओके म्हणायच्या आधी दहा मिनिटं द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!