माईकचा स्टँड : स्वस्त कोणता, महाग कोणता?

ज्या वस्तूकडे सर्वांचीं तोंडें असतात, पण कोणाचेंहि लक्ष नसतें, अशा वस्तूंत माईकच्या स्टँडची गणना करावयास हरकत नाहीं. वक्त्याचें नांव पत्रिकेंत छापलें जातें. ध्वनिवर्धक देणाऱ्या दात्याचें नांव पेटीवर रंगवून काढतात. आणि ज्या काठीवर साऱ्या सभेचा आवाज तोललेला असतो, ती काठी मात्र अगदीं शेवटीं, उरलेल्या पैशांत, ‘आणि हो, एक स्टँडहि टाका’ अशा शब्दांनीं विकत घेतली जाते. सेवेंतून निवृत्त झालेल्या मास्तरांना लिहावयास दुसरा विषय मिळाला नाहीं काय, असें कोणी वाचक म्हणतील. परंतु ह्या क्षुल्लक वस्तूवर आमच्या गांवच्या लहानमोठ्या संस्थांचा जो पैसा गेला, आणि पैशापेक्षांहि अधिक असें जें कांहीं गेलें, तें पाहिल्यावर चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

आमचें गांव हिमायतनगर. जुनीं माणसें त्यास अद्यापि वाढोणा म्हणतात. नांदेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणारी रेल्वे येथून जाते, आणि महाशिवरात्रीस श्रीपरमेश्वराची मोठी यात्रा भरते. मोठ्या मंडपांत माईकवाला आपलें सर्व सामान घेऊन येतो, त्याची चिंता आपणांस नको. पण श्रावणांतील पोथी, गणपतीपुढील व्याख्यान, १७ सप्टेंबरचें मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचें झेंडावंदन, हरिनाम सप्ताह, शाळेचें स्नेहसंमेलन, महिलांचें भजन, हीं सर्व कार्यें ज्याच्या त्याच्या घरच्या माईकवर होतात, आणि घरच्या स्टँडवर. आमचें म्हणणें ह्या घरच्या स्टँडापुरतेंच आहे.

दोन वर्षांपूर्वीं येथल्याच एका शाळेंत मुक्तिसंग्राम दिनानिमित्त मुलांचीं भाषणें होतीं. पांचवींतील एक मुलगी स्वामी रामानंद तीर्थांवर बोलावयास उभी राहिली. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. तिच्या उंचीला जुळवून माईक खालीं घेतला होता. तिसऱ्या वाक्याला तो बोटभर आणखी खालीं आला. ती किंचित् वांकली. पुन्हां दोन बोटें उतरला. ती पुन्हां वांकली. शेवटीं ती जवळजवळ ओणवी होऊन बोलूं लागली, तेव्हां मागच्या रांगेंतील मुलें हंसलीं आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलें. भाषण अर्धेंच राहिलें. एक शिक्षक धांवत गेले, त्यांनीं मूठ आवळली, पण ती नुसती फिरतच राहिली. आंतले आटे केव्हांच झिजून गेले होते. त्या मुलीनें त्यानंतर भाषणांत नांव दिलेलें नाहीं, असें तिच्या आजोबांकडून कळलें. सहाशें रुपयांच्या वस्तूचा जमाखर्च मांडतांना हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें?

रुपयांचा हिशेब मात्र मांडतां येतो. एका भजनी मंडळाची वही कांहीं वर्षें आमच्याकडे आहे. तींत चार वर्षांत पांच स्टँडांची खरेदी नोंदलेली आहे. दर वेळीं पांचशें ते सातशें रुपये, म्हणजे एकंदर तीन हजारांच्या आसपास. शिवाय एकदां वरची आडवी दांडी निसटून माईक फरशीवर आपटला, त्याची जाळी चेपली, आवाज फाटूं लागला आणि नवा माईक घ्यावा लागला, तो खर्च निराळाच. त्या पांचांपैकीं आज एक कसाबसा उभा आहे. त्याच खोलीच्या कोपऱ्यांत एक सहावाहि आहे. तो ह्या वहीच्या फार आधींचा. आम्ही नोकरीस लागलों त्या सुमारास मंडळाच्या तत्कालीन चिटणिसांनीं तो नांदेडहून रेल्वेनें आणला. बिडाची जड गोल बैठक, जाड नळी, उंची आवळावयाची पितळी मूठ. दुसरें कांहीं नाहीं. मुलामा जागोजाग उडाला आहे, बैठकीखालचें रबर दोनदां बदललें. त्यास आडवी दांडी नाहीं, त्याची घडी होत नाहीं, आणि उचलतांना कमरेंतून वांकावें लागतें म्हणून तरुण मंडळी त्याला हात लावावयास नाखूष असतात. चाळीस वर्षांत तो पडलेला आम्हीं पाहिला नाहीं.

ह्यावरून ‘जुनें तें सोनें’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाहीं. जुन्या काळींहि रद्दी माल पुष्कळ होता. तो मोडून भंगारांत गेला म्हणून आज दिसत नाहीं, इतकेंच. स्वस्त असणें हाहि दोष नव्हे. विचार करावयाचा तो असा कीं, आपण दिलेल्या पैशांत कारखानदारानें काय घातलें आणि काय वांचविलें. साधारण त्याच पैशांत आज दोन प्रकारचे स्टँड मिळतात. एक सरळ : खालीं बैठक, वर नळींत नळी, मध्यें आवळावयाची एक मूठ. दुसरा तीन पायांचा, घडीचा, वर वाटेल तशी फिरणारी आडवी दांडी असलेला. ह्यालाच दुकानांत बूम स्टँड म्हणतात. सरळ स्टँडास सांधा एक. ह्यास पायांचा, उंचीचा, दांडी वांकविण्याचा आणि दांडी लांबविण्याचा, असे चार. चांगला सांधा करणें हें खर्चाचें काम आहे. किंमत तीच ठेवून सांधे वाढवावयाचे म्हटलें, म्हणजे नळीचा पत्रा पातळ करावा लागतो आणि सांधे प्लास्टिकचे करावे लागतात. दुकानदार मात्र हाच दुसरा पुढें करतो, कारण ‘ह्यांत सगळं होतं’. होतें खरें, पण थोडे दिवस.

पातळ नळीचें दुखणें असें कीं, मूठ आवळली कीं तिच्यावर खळगा पडतो. पुढच्या खेपेस नळी दोन बोटें वर हवी असली, तरी ती घसरून त्याच खळग्यांत येऊन बसते. मग माणूस आणखी जोरानें आवळतो. खळगा आणखी खोल होतो आणि मुठीचें प्लास्टिक तडकतें. प्लास्टिकला आमच्याकडील उन्हाळाहि मानवत नाहीं. चैत्र-वैशाखांत उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जातें, आणि संस्थांचें सामान बहुधा पत्र्याच्या खोलींत नाहींतर उघड्या ओट्यावर उन्हांत पडलेलें असतें. असें तापून वाळलेलें प्लास्टिक पावसाळ्याच्या तोंडीं शेंगेच्या टरफलासारखें फुटतें. मोडका सांधा घेऊन आम्ही एकदां वेल्डिंगवाल्याकडे गेलों. तो आमचा जुना विद्यार्थी. हातांत घेऊन, उलटसुलट पाहून म्हणाला, “गुरुजी, लोखंड असतं तर टाका मारून दिला असता. ह्या प्लास्टिकला मी काय करूं?” जी वस्तु गांवांत दुरुस्त होत नाहीं तिची किंमत पावतीवरल्या आंकड्याहून अधिक धरली पाहिजे, हें त्याच्या एका वाक्यावरून ध्यानांत आलें.

आतां आडव्या दांडीविषयीं थोडें गणित करूं. वाचकांनीं कंटाळूं नये, सातवींच्या मुलास जमेल इतकेंच तें आहे. शुअर कंपनीचा १९६६ सालीं निघालेला एस. एम. ५८ हा जगभर वापरला जाणारा माईक सुमारें ३०० ग्रॅम वजनाचा आहे. क्लिप व लोंबती तार धरून ४०० ग्रॅम म्हणूं. दांडी पूर्ण पुढें ओढली म्हणजे हें वजन खांबापासून ७० सेंटिमीटरवर येतें. दांडीचें स्वतःचें वजन ५०० ग्रॅम, तें मध्यावर म्हणजे ३५ सेंटिमीटरवर धरावें. तरफेच्या नियमानें सांध्यावर पडणारा पीळ २८,००० आणि १७,५०० मिळून ४५,५०० झाला. म्हणजे एक सेंटिमीटर अंतरावर साडेपंचेचाळीस किलो टांगल्यासारखा. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या चकतीनें हा भार तासन् तास पेलावा, अशी आपली अपेक्षा असते. दांडी भजनाच्या मध्यावर हळूहळू मान टाकते त्यांत नवल तें काय?

पुढचा भाग अधिक मौजेचा आहे. तीन पाय खांबापासून ३० सेंटिमीटरपर्यंत पसरलेले आणि खांब व पाय मिळून वजन दीड किलो असें समजा. दांडी बरोबर एका पायाच्या डोक्यावरून गेली असेल, तर स्टँड त्या पायाच्या टोकावर कलंडूं पाहील. त्या टोकापासून मोजलें असतां पाडणारा जोर १८,५०० आणि धरून ठेवणारा ४५,००० भरतो. स्टँड खुशाल उभा राहतो. आतां तोच स्टँड जरा फिरवून दांडी दोन पायांच्या मधून न्यावी. समभुज त्रिकोणांत मध्यापासून बाजूचें अंतर कोनापर्यंतच्या अंतराच्या निम्में असतें, म्हणून आधार ३० वरून १५ सेंटिमीटरवर आला. पाडणारा जोर ३२,०००, धरून ठेवणारा २२,५००. स्टँड पडलाच पाहिजे. वस्तु तीच, माईक तोच. केवळ पाय कोणीकडे केला एवढ्यावर माईकचें आणि शेजारच्या म्हाताऱ्या श्रोत्याच्या डोक्याचें भवितव्य अवलंबून. ज्यांच्या घरीं असा स्टँड आलेलाच आहे त्यांनीं एक पाय नेहमीं दांडीखालीं ठेवावा आणि त्याच्या उलट बाजूच्या पायांवर वाळूची पिशवी टाकावी. पिशवीस खर्च कांहींच नाहीं. नदीची वाळू आणि जुन्या सतरंजीचा तुकडा पुरतो.

एक बारीकशी अडचण आट्यांची. स्टँडच्या टोकाचे आटे जगांत मुख्यतः दोन मापांचे आहेत : अमेरिकन माप पांच-अष्टमांश इंच जाडीचें व इंचांत २७ आट्यांचें, युरोपांतील तीन-अष्टमांश इंच व इंचांत १६ आट्यांचें. मध्यें बसणारा लहानसा पितळी बुश मिळतो, तो थोड्या रुपयांचा असतो, आणि नेमका तोच हरवतो. मग क्लिप जबरदस्तीनें पिळून बसवितात व दोन्हींकडचे आटे कापले जातात. दोन बुश जास्तीचे घेऊन हार्मोनियमच्या पेटींत टाकून ठेवावे. ती पेटी सहसा कोणी हरवीत नाहीं.

महाग वस्तूंत काय असतें हेंहि पाहिलें पाहिजे. जर्मनींतील वेर्टहाइम गांवीं १९४९ सालीं कोनिग आणि मेयर ह्या दोघांनीं काढलेला कारखाना स्टँडांसाठीं जगप्रसिद्ध आहे. त्यांच्या मालास कित्येक हजार रुपये पडतात. त्यांत पोलाद चांगलें आहे, सांधे धातूचे ओतीव आहेत. पण आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट ही कीं, झिजलेला भाग तेवढा निराळा विकत मिळतो. मूठ गेली तर मूठ घ्या, पायाचें रबर गेलें तर रबर घ्या. आमच्यासारख्या गांवच्या मंडळास जर्मनीचा स्टँड परवडणार नाहीं, आणि त्याची जरूरीहि नाहीं. परंतु हाच गुण आपल्याकडील साध्या लोखंडी स्टँडांत आपोआप येतो, कारण त्यास टाका मारणारा चौकांतच बसलेला असतो. दिल्लीच्या अहुजा कंपनीचें नांव १९४० पासून चालत आलेलें आहे आणि तिचे ध्वनिवर्धक खेडोपाडीं दिसतात. असल्या परिचित देशी कंपन्यांचे सरळ, जड बैठकीचे स्टँडहि बाजारांत मिळतात. ते थोडे अधिक पैसे घेतात, आणि तेवढे द्यावे असें आमचें मत आहे.

घेतांना परीक्षा कशी करावी? शास्त्रग्रंथांत ‘स्थूणानिखनन’ नांवाचा न्याय सांगितला आहे. खांब रोवणारा मनुष्य तो पुन्हां पुन्हां हालवून पाहतो व घट्ट करीत जातो. तसा सिद्धान्तहि शंका घेऊन घेऊन दृढ करावा. न्याय तर्कासाठीं सांगितला, पण येथें तो अक्षरशः लागू पडतो. दुकानांत स्टँड पूर्ण उंचीवर उभा करावा, मूठ दोन बोटांनींच आवळावी आणि वरून तळहातानें दाबावें. नळी उतरली तर तो परत द्यावा. मग टोक धरून हालवावें. बैठक उचलून पाहावी. हाताला जड लागली पाहिजे. नळीवर नख मारून ऐकावें; पातळ पत्र्याचा आवाज डब्यासारखा पोकळ येतो. दुकानदार त्रासिक मुद्रेनें पाहील, तर पाहूं द्यावें. आपण भांडें घेतांना वाजवून घेतों, मग हेंच कां नाहीं?

एका बाबतींत मात्र स्वस्त-महाग असा भेद नाहीं, आणि तें जिवाशीं गांठ असणारें आहे. माईकचें अंग धातूचें असतें व तारेच्या वेष्टणानें तें ध्वनिवर्धकाच्या पेटीशीं जोडलेलें असतें. पेटीस अर्थिंग नसेल आणि आंत कोठें वीज झिरपत असेल, तर ती माईकमधून लोखंडी स्टँडांत उतरते. पावसानें ओल्या झालेल्या जमिनीवर कीर्तनकार अनवाणी उभा, हात स्टँडवर. तीन पिनांच्या प्लगची मधली पिन तोडून दोन पिनांच्या भोकांत खुपसण्याचा उद्योग आमच्याकडे सर्रास चालतो. तो ज्या मंडपांत दिसेल तेथें आपण स्वतः उठून बंद करावा, व्यवस्थापकांस राग आला तरी.

मंडळाच्या यंदाच्या सभेंत ह्यावर बरीच चर्चा झाली. तरुणांचें म्हणणें आडव्या दांडीवांचून तबल्याची पंचाईत होते. तें खोटें नाहीं. अखेर पेटी-तबल्यासाठीं एक बुटका स्टँड आंखूड दांडीचा, आणि उभ्यानें बोलणाऱ्यांसाठीं दोन सरळ, बिडाच्या बैठकीचे, असें ठरलें. पैसे दोन वर्षांचे एकदमच गेले, त्याबद्दल खजिनदारांनीं थोडी कुरकुर केली. मोडके चार भंगारवाल्यास द्यावयाचे होते, पण आधीं प्लास्टिक काढून द्या असें तो म्हणाला, म्हणून ते तसेच पडले आहेत. त्यांतली एक नळी आम्हीं घरीं आणून परसांत रोवली. तिच्यावर सध्यां घेवड्याचा वेल चढतो आहे.