मिसवाक : तिखटपणा गेला की माल गेला

मशिदीबाहेर अत्तर, टोपी, तसबीह घेऊन बसणाऱ्याकडे मिसवाक असतेच. रमजानमध्ये तिचा खप वाढतो आणि गोदामात पडलेल्या वाळक्या काड्याही त्या गर्दीत निघून जातात. गिऱ्हाईक सुन्नत म्हणून घेते, तक्रार करीत नाही. पण काडीतील गुण टिकला आहे की नाही, हे व्यापाऱ्याने पाहायला हवे.

मिसवाक ही पिलूच्या झाडाची मुळी किंवा फांदी. अरबस्तान, सिंध, राजस्थान, कच्छ अशा खाऱ्या व कोरड्या जमिनीत हे झाड वाढते. राजस्थानात त्याला खारा जाळ म्हणतात. जंतूंपासून बचावासाठी काही झाडे लहान प्रथिने तयार करतात. पिलूचे हत्यार मात्र तिखटपणा आहे. मोहरी-मुळ्याचा असतो तोच प्रकार. काडी चावली की पेशी फुटतात, आतले दोन पदार्थ ओलाव्यात एकत्र येतात आणि बेंझिल आयसोथायोसायनेट नावाचे झोंबणारे द्रव्य तयार होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ताजी काडी जंतूंच्या थराला न लावता नुसती वर टांगली, तरी खालचे जंतू मेले. म्हणजे वाफच काम करीत होती. २०११ मध्ये हे द्रव्य हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जंतूंवर प्रभावी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत. त्यावरून पाकिटावर ‘दाताचे सर्व रोग बरे’ असे छापू नये.

जे वाफ होऊन काम करते ते वाफ होऊन उडूनही जाते, आणि धंद्याची खरी मेख इथेच आहे. उन्हात उघडी मांडलेली काडी शेवटी नुसता ब्रश उरते. दात घासले जातील, झोंबणार नाही. घाऊक माल घेताना एका काडीचे टोक सोलून चावून पाहा : जिभेला चुरचुरले तर घ्या. तोडणीची तारीख विचारा. हवाबंद पाकिटात, सावलीत ठेवा. ओली काडी बंद केली तर बुरशी येते, हेही लक्षात असू द्या. ग्राहकाला सांगा, वापरलेले टोक वरचेवर कापून नवे करावे.

आपल्या कोकणात खाडीकाठी पिलू आढळते. ते पाहून कोयता उचलू नका. कांदळवन क्षेत्रात परवानगीशिवाय तोड करता येत नाही. शिवाय मुळ्या ओरबाडल्या तर झाडच जाते. फांद्या छाटून माल देणारा पुरवठादार मिळाला, तर दोन पैसे जास्त गेले तरी तोच धरावा.