पूर्वानुकूलता आणि आभासी वास्तव

मागील पिढीचे खेळ नव्या खेळयंत्रावर चालावेत, या गुणास पूर्वानुकूलता म्हणता येईल. तो साधण्याचे मुख्य मार्ग दोन: जुना प्रोसेसर नव्या यंत्रात बसविणे, अथवा सॉफ्टवेअरद्वारे त्याच्या वर्तनाचे अनुकरण करणे. पहिला मार्ग खात्रीचा, परंतु खर्चाचा; दुसरा स्वस्त, परंतु बहुधा अपूर्ण.

सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या यंत्राचा प्रोसेसर अंतर्भूत होता. नवे खेळ चालू असता तो इनपुट-आउटपुटचे काम पाही. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्येही आरंभी पूर्वीच्या यंत्राच्या चिप होत्या. पुढे त्या वगळल्या गेल्या आणि त्यांजबरोबर ती सोयही गेली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ने सेल प्रोसेसर सोडून एक्स८६ कुळातील प्रोसेसर स्वीकारला. २०२० च्या प्लेस्टेशन ५ ने तेच कुळ राखले; म्हणूनच प्लेस्टेशन ४ चे बहुतेक खेळ त्यावर चालतात.

आज्ञासंच टिकला की खेळ टिकला, असा निष्कर्ष यावरून निघेल; तथापि आभासी वास्तवाच्या बाबतीत तो टिकत नाही. सामान्य खेळास कोणते बटण दाबले गेले, एवढे कळणे पुरते. येथे मात्र खेळाडूचे मस्तक व हात अवकाशात कोठे आहेत, हेही क्षणोक्षणी कळावे लागते. २०१६ च्या प्लेस्टेशन व्हीआर संचात हेडसेटवरील दिव्यांचा वेध समोर ठेवलेला कॅमेरा घेई. २०२३ च्या व्हीआर२ संचात कॅमेरे हेडसेटमध्येच असून ते भोवतालच्या खोलीचा वेध घेतात. परिणामी जुना खेळ प्लेस्टेशन ५ वर जुन्या हेडसेटने, अ‍ॅडॉप्टर जोडून, खेळता येतो. नव्या हेडसेटने येत नाही.

ही अडचण केवळ स्थाननिर्देशांकांच्या रूपांतराची नव्हे. २०१८ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’ या खेळात दोन्ही हातांत धरलेला एकच कंट्रोलर आभासी दृश्यातही दिसतो; व्हीआर२ मध्ये प्रत्येक हातास स्वतंत्र कंट्रोलर आहे. अशा वेळी खेळाची कल्पनाच पुन्हा रचावी लागते. ‘रेझ इन्फिनिट’सारखे काही खेळ निर्मात्यांनी व्हीआर२ करिता नव्याने सिद्ध केले. ज्यांना ते भाग्य लाभत नाही, त्यांचे आयुष्य जुन्या हेडसेटच्या आणि कॅमेऱ्याच्या आयुष्याएवढेच. तात्पर्य, आभासी वास्तवातील कृतीच्या जतनात केवळ आज्ञावली राखून भागत नाही. तिला मानवी देहाशी जोडणारी साधनेही राखावी लागतात.