घराचा पाया आणि डोंगराचें पाणी

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे शहरांतील गृहस्थ खोल्या किती, खर्च किती आणि खिडकींतून देखावा कोणता दिसेल, यांचा विचार आधीं करतो. जमिनीकडे त्याचें लक्ष जातें तें बहुधा मोजणीपुरतें. सपाटीवर हें कांहींसें निभावतें. परंतु पन्हाळ्यासारख्या ठिकाणीं, जेथें थंड हवेसाठीं उतारावरच जागा घेण्याचा मोह होतो, तेथें जमिनीची परीक्षा हाच बांधकामाचा पहिला भाग होय.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर आहे. त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें आवरण असून खालीं काळ्या पाषाणाचे थर आहेत. जांभ्याचा ताठ कडा पाहिला म्हणजे येथें पाया पक्का, असें कोणासही वाटेल. पण जांभा सच्छिद्र असतो व त्यांत उभ्या भेगाही असतात. पावसाचें पाणी त्यांतून सहज उतरतें. जांभा व काळा पाषाण यांच्या दरम्यान पुष्कळ ठिकाणीं मऊ चिकणमाती असते. तिच्यांतून पाणी सहसा पार जात नाहीं. तें तेथें अडतें, आडवें वाहूं लागतें व डोंगराच्या कुशींत झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. अतिवृष्टींत बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षां आंत येणारें पाणी अधिक झालें, कीं मातींतील पाण्याचा दाब वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि वरचा भार उताराकडे सरकतो. अशा वेळीं जांभ्यांत दहा फूट खोल घेतलेला पायाही जांभ्याबरोबरच खालीं जातो. सारांश, पायाखालीं दगड लागला एवढ्यानें भागत नाहीं. त्या दगडाखालीं काय आहे, हेंही पाहावें लागतें.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत पन्हाळ्यास जाणारा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचला व गडावरील वाहतूक बंद पडली. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं दरडीखालीं गाडलें गेलें व सुमारें १५० माणसें दगावलीं. रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं तोच प्रसंग ओढवला. या स्थळांची रचना एकसारखी नाहीं. परंतु महिना एकच आहे, आणि मुसळधार पाऊस सर्वत्र आहे.

परीक्षेचा आरंभ घरमालकानें स्वतः करावा. दहा फुटांची सरळ फळी घेऊन तिचें एक टोंक उताराच्या वरच्या अंगास जमिनीवर टेकवावें, पाणसळीनें ती आडवी समतल धरावी व दुसऱ्या टोंकापासून जमीन किती खालीं आहे तें मोजावें. हें अंतर पांच फूट भरलें तर उतार सुमारें २७ अंशांचा समजावा. एवढ्या उतारावर तज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून कुदळ मारूं नये. मग भोंवतालीं नजर टाकावी. बुंध्यापाशीं वांकून पुढें सरळ वाढलेलीं झाडें, कललेले खांब, पोट काढलेले गडगे, कड्यास समांतर गेलेल्या भेगा, अथवा एखादा नवा गढूळ झरा, हीं सरकत्या जमिनीचीं लक्षणें होत.

त्यानंतर पांच-सहा फुटांचा खड्डा खणून थर पाहावेत. ओली माती तळहातांवर वळतांना न तुटतां तिची बारीक वाती झाली, तर तींत चिकणमाती पुष्कळ आहे असें समजावें; मुरूम वळतांच भुगा होतो. गडाखालच्या सपाटीवर काळी माती लागली, तर ती पाण्यानें फुगते व उन्हानें फाटते, म्हणून पाया तिच्याखालच्या घट्ट मुरुमापर्यंत नेला पाहिजे. खोलवरच्या थरांची परीक्षा मात्र यंत्रानें छिद्र पाडून तज्ज्ञाकडूनच करवावी. इ. स. १८५१ मध्यें स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनें दरडींच्या धोक्याचे नकाशे तयार केले आहेत; तेही पाहून घ्यावेत.

बांधतांना उताराचा पायथा तोडूं नये, कारण वरच्या मातीस तोच टेकू असतो. अर्धें घर खोदलेल्या जमिनीवर व अर्धें भरावावर उभें केलें, तर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहींत व भिंती तडकतात. घराच्या वरच्या अंगास चर काढून पाणी बाजूस न्यावें. धारकभिंतींत पाणी निघण्यास छिद्रें ठेवावींत. तीं नसलीं तर भिंतीमागें साठलेलें पाणीच ती ढकलून देतें. पन्हळींचें पाणी पक्क्या गटारांतून वाहून न्यावें आणि शोषखड्डा उताराच्या कडेस घेऊं नये. यांत केवळ स्वतःच्या घराची काळजी नाहीं. वरच्या घरानें जमिनींत मुरविलेलें पाणी खालच्या घराच्या पायापाशीं निघतें.

या सर्व खबरदारीस खर्च येतो, हें खरें. तथापि पहिली परीक्षा फुकट आहे. विकणारा जागा बहुधा वैशाखांत दाखवितो. त्या वेळीं माती कोरडी, झरे आटलेले आणि देखावा निर्मळ असतो. विकत घेणाऱ्यानें इसारा देण्यापूर्वीं तीच जागा आषाढांत, पाऊस चार दिवस लागून राहिला असतां, पायीं हिंडून पाहावी.