ग्रीक प्रहसनातील कानडी बोल

इ. स. १८९१ मध्ये बंगळूरजवळ यशवंतपूर येथे लोहमार्गासाठी जमीन खणण्याचे काम चालू असता चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. ती नाणी पाळेगारांची नव्हती, सुलतानांची नव्हती आणि विजयनगरचीही नव्हती. त्यांवर ऑगस्टस, तिबेरियस, क्लॉडियस अशा रोमन सम्राटांच्या मुद्रा होत्या. पुढे शहराच्या पूर्वेस विमानांच्या कारखान्याच्या परिसरातही रोमन नाणी मिळाली. चित्रदुर्गाजवळील चंद्रवळ्ळी येथील उत्खननातही ती आढळली. समुद्रापासून इतक्या दूर, सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर हे धन कसे आले, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : व्यापाराने. परंतु नाण्याची साक्ष अपुरी असते. ते कोठे पाडले गेले आणि कोठे पुरले गेले, एवढेच ते सांगते. मधल्या प्रवासात ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले आणि ती माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली, याविषयी ते मुके असते.

ही माणसे एकमेकांचे बोलणे कसे ऐकत होती, याचा एक विलक्षण पुरावा आपल्याजवळ आहे, असे काही विद्वानांनी मानले. तो पुरावा भारतात नव्हे, तर ईजिप्तच्या वाळूत सापडला, आणि त्यात कानडी भाषा दडलेली आहे असे प्रथम मांडणारा पंडित पूर्वी बंगळुरातच काम करून गेलेला होता.

नाणी रोमन, व्यापारी ग्रीक

यशवंतपूरची नाणी रोमन होती, तरी अशी नाणी भारतात आणणारे लोक बहुतांशी ग्रीक भाषा बोलणारे होते. अलेक्झांडरने इ. स. पूर्वी ३३१ मध्ये ईजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया नगरी वसविली आणि त्यानंतर तीन शतके त्या देशावर ग्रीक राजवंशाने राज्य केले. इ. स. पूर्वी ३० मध्ये क्लिओपात्रा राणीबरोबर हे राज्य संपले व ईजिप्त रोमच्या ताब्यात गेला. राज्यकर्ते बदलले, पण बाजाराची, दस्तऐवजांची आणि नाट्यगृहाची भाषा ग्रीकच राहिली. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांतून उन्हाळ्याच्या भरात गलबते निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडीत आणि हिवाळ्यात वारा उलटला म्हणजे परत फिरत. येताना सोने, चांदी, पोवळे व मद्य आणीत. जाताना मिरी, हस्तिदंत व वस्त्रे नेत. बेरेनिके येथील एका देवालयाच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोग्रॅम काळी मिरी मिळाली. केरळातील मुझिरिस बंदराच्या व्यापाराविषयीचा कर्जाचा एक करारनामा व्हिएन्ना येथील संग्रहात आहे. त्यात 'हेर्मापोलोन' नावाच्या गलबताचा उल्लेख आहे, आणि त्याची भाषा ग्रीक आहे.

या लोकांना दक्षिणेची ओळख चांगली होती. पहिल्या शतकाच्या मध्यास एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासमार्गदर्शिकेत पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेले ग्रीक गलबत पहाऱ्याखाली भडोचला नेले जाते, अशी तक्रारही त्याने नोंदविली आहे. जकातीच्या वसुलीवरून राज्याराज्यांत चाललेली ओढाताण तेव्हाही नवी नसावी! दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात पैठण ही 'सिरो पोलेमाइओस' याची राजधानी असल्याचे लिहिले. हा सातवाहन राजा श्रीपुळुमावी होय. कर्नाटकातील बनवासीही त्याच्या यादीत आहे.

इकडच्या लोकांनी या पाहुण्यांना 'यवन' किंवा 'योन' म्हटले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी भाषेत 'यौन' झाले, आणि तेथून हा शब्द भारतात आला. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी स्तंभ दान केल्याचे लेख स्तंभांवरच कोरलेले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. मात्र कार्ल्याच्या या दात्यांपैकी एकाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे धम्म असे आहे आणि लेखांची भाषा प्राकृत आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून एतद्देशीय झालेले ग्रीक, की पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लावले जाणारे सरसकट नाव तेवढे धारण करणारे लोक, हे शिलालेखावरून ठरत नाही. ग्रीक कानांनी दक्षिणेतील बोलणे कसे टिपले, याची माहिती शोधायची, तर ग्रीक ग्रंथांकडेच वळावे लागते.

उकिरड्यातील नाटक

कैरोच्या दक्षिणेस सुमारे १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचे प्राचीन नगर होते. तेथील रहिवाशांनी शतकानुशतके आपला कचरा गावाबाहेर टाकला, आणि पाऊस जवळजवळ पडत नसल्यामुळे तो कुजला नाही. १८९६ च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डचे बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट यांनी हे उकिरडे खणावयास आरंभ केला. त्यांतून पपायरस या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे तुकडे टोपल्या भरभरून निघाले : पावत्या, पत्रे, अर्ज, हरवलेली काव्ये. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तिसऱ्या खंडात ४१३ व्या क्रमांकावर दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे एक प्रहसन आले. त्याचे मूळ नाव व कर्ता ज्ञात नाहीत; नायिकेच्या नावावरून त्याला 'खारितिऑन' म्हणतात.

कथा साधी आहे. खारितिऑन ही ग्रीक तरुणी हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील एका भारतीय राजाच्या हाती सापडली आहे आणि चंद्रदेवतेच्या देवळात अडकून पडली आहे. तिचा भाऊ आपल्या सोबत्यांसह गलबत घेऊन तिला सोडविण्यास येतो. राजाला व त्याच्या परिवाराला मद्य पाजून धुंद करावे, बांधून टाकावे आणि निसटावे, असा बेत ठरतो व तडीस जातो. ग्रीक प्रेक्षकाला येथे एक जुने नाटक आठवल्याखेरीज राहत नसे. अथेन्सच्या युरिपिडीसने इ. स. पूर्वी पाचव्या शतकात अशाच, परक्या किनाऱ्यावरील देवळात अडकलेल्या इफिजिनियेची व तिच्या भावाची गंभीर कथा रंगभूमीवर आणली होती. सहा शतकांनंतर तीच कथा ढोलकीच्या तालावर, विदूषकाच्या चाळ्यांसह, गावोगावच्या नाटकमंडळींच्या हाती आलेली दिसते. हस्तलिखितात पात्रांची नावे नाहीत, केवळ त्यांची खूण सांगणारी अक्षरे आहेत. मधूनमधून वाद्य कोठे वाजवावे याच्याही खुणा आहेत. हे वाचनासाठी नव्हे, तर प्रयोगासाठी लिहिलेले पुस्तक होय.

विदूषकाचा विनोद बराचसा ग्राम्य आहे. त्यामुळे एक छोटा प्रसंग अधिकच उठून दिसतो. पळून जाता जाता देवीपुढील एखादी मौल्यवान वस्तू उचलून घ्यावी, असे तो नायिकेला सुचवितो. ती त्याला गप्प करते : ज्यांना देवाकडून सुटका हवी आहे, त्यांनी देवाचीच चोरी करून प्रार्थना करू नये. परक्यांच्या देवतेविषयी ग्रीक मनात असलेला हा धाक प्रहसनातही सुटलेला नाही.

मद्याचा बेतही ग्रीक चालीरीती जाणल्यावाचून पुरता कळत नाही. ग्रीक लोक मद्यात नेहमी पाणी मिसळीत. मेजवानीच्या मध्यभागी मिश्रणाचे मोठे पात्र ठेवलेले असे, आणि निर्भेळ मद्य पिणे हे रानटीपणाचे लक्षण समजले जाई. नाटकातील भारतीयांच्या गावी मद्य विकत मिळत नाही. त्यामुळे हाती आलेले मद्य ते अननुभवाने तसेच पितात. प्रेक्षक हसत ते या ठिकाणी. भारताच्या बंदरांत मद्य उतरत होते, हे 'पेरिप्लस'वरून ठाऊकच आहे. विनोदाला व्यवहाराचा आधार होता.

हुल्ट्श यांचा तर्क

या मद्यपानाच्या प्रसंगी राजा व त्याचे लोक एका अनोळखी भाषेत बोलतात. ग्रीक लिपीत लिहिलेले ते शब्द ग्रीक नाहीत, आणि ग्रेनफेल व हंट यांनाही ते उलगडले नाहीत.

ऑयगेन हुल्ट्श हे जर्मन पंडित १८८६ मध्ये दक्षिण भारतातील शिलालेखांच्या अभ्यासासाठी सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून नेमले गेले होते. त्यांचे कार्यालय आरंभी बंगळूर येथे होते. तमिळ व कानडी लेख वाचण्यात त्यांची वर्षे गेली. १९०३ मध्ये ते जर्मनीत हाले येथे प्राध्यापक म्हणून परतले, आणि त्याच वर्षी हे प्रहसन छापले गेले. १९०४ मध्ये त्यांनी आपला तर्क मांडला : ही भाषा कानडी असावी. 'बेरे' (वेगळे), 'कोंच' (थोडे), 'मधु', 'पात्र' असे शब्द त्यांना त्यात दिसले आणि ते मद्य ओतण्याच्या प्रसंगाशी जुळतही होते. 'अर्थशास्त्रा'चे हस्तलिखित उजेडात आणणारे म्हैसूरचे आर. शामशास्त्री यांनी १९२० च्या दशकात हा विषय पुढे नेला. मंजेश्वरचे कवी व संशोधक एम. गोविंद पै यांनीही कानडीचा पक्ष उचलून धरला. कथा उडुपीजवळच्या मलपे बंदराच्या आसपास घडते, इतके नेमके स्थलनिर्णयही पुढे केले गेले.

या वादाला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी एक तारीख पुरेशी आहे. हासन जिल्ह्यातील हल्मिडी येथील शिलालेख दीर्घकाळ कानडीतील सर्वांत जुना मानला गेला, आणि तो इ. स. ४५० च्या सुमाराचा आहे. हुल्ट्श यांचे म्हणणे खरे असेल, तर कानडी वाक्ये त्याहून जवळजवळ तीनशे वर्षे आधी लिहिली गेली होती, आणि तीही नाईल नदीकाठच्या नटांच्या पुस्तकात.

म्हणूनच येथे इच्छेला लगाम घालणे आवश्यक ठरते. लंडनचे प्राच्यविद्यापंडित लायोनेल बार्नेट यांनी १९२६ मध्ये या वाचनावर कठोर टीका केली, आणि तिच्यातील बळ आजही ओसरलेले नाही. ग्रीक लेखनात शब्दांमध्ये अंतर सोडीत नसत. अनोळखी भाषेची अखंड ओळ कोठे तोडावी, हे वाचणाराच ठरवितो. ग्रीक लिपीत 'च' नाही, 'ट', 'ड', 'ण', 'ळ' नाहीत. म्हणजे एकेका अक्षराचे अनेक उच्चार कल्पिता येतात. 'मधु' जेथे वाचला गेला, तेथे पपायरसवरील अक्षरे 'दामून'च्या जवळची आहेत. अक्षरांची अदलाबदल केल्यावाचून 'मधु' निघत नाही. शिवाय दुसऱ्या शतकातील कानडी कशी होती, हे कोणी ऐकलेले नाही. जुन्या कानडीतला 'पाल्' (दूध) पुढे 'हालु' झाला. मग उत्तरकालीन शब्दांशी तुलना किती विश्वासाने करावी? इतकी सूट घेतल्यास दुसरीही एखादी भाषा सापडू शकते, आणि तसे घडलेही : पुढे काही अभ्यासकांना याच अक्षरांत तुळू भाषा दिसली.

तर मग ती केवळ बडबड होती काय? परकीयांचे बोलणे 'बर्-बर्' असे ऐकू येते म्हणून ग्रीकांनी त्यांना 'बार्बारोस' म्हटले. संस्कृतातील 'बर्बर' शब्द त्याच जातीचा आहे. ॲरिस्टोफेनीसच्या सुखान्तिकेत इराणी दूताच्या तोंडी निरर्थक वाटणारे बोल घालून हशा मिळविला आहे. परंतु याच्या उलट उदाहरणही आहे. ग्रीक सुखान्तिकांवरून लॅटिन नाटके रचणाऱ्या प्लाउटसने आपल्या एका नाटकात कार्थेजच्या माणसाच्या तोंडी परके संवाद घातले. ते बनावट असावेत असे सहज वाटले असते. पण ती खरीखुरी प्यूनिक भाषा असल्याचे सेमिटिक भाषांच्या तज्ज्ञांनी दाखवून दिले. तेथे ते शक्य झाले, कारण प्यूनिकचे समकालीन शिलालेख तुलनेस उपलब्ध होते आणि त्याच संवादांचा लॅटिन अनुवादही नाटकात होता. 'खारितिऑन'च्या बाबतीत या दोन्ही आधारांची उणीव आहे. मलबारच्या वा कर्नाटकाच्या बंदरांत जाऊन आलेल्या एखाद्या खलाशाने नाटकमंडळींना चार खरे शब्द सांगितले असणे सर्वस्वी संभवनीय आहे. संभवनीय असणे आणि सिद्ध असणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते भाषाभिमानाने भरून निघत नाही.

शब्दांचा प्रवास मात्र अन्यत्र निःसंशय दिसतो. 'पिप्पली'चे ग्रीकांनी 'पेपेरी' केले, 'कार्पासा'चे 'कार्पासोस'. उलट दिशेने 'केंद्र', 'होरा' आणि 'सुरुंग' हे शब्द आले. वर्तुळ काढणारा शाळकरी मुलगा ग्रीकांचा 'केन्त्रोन' रोज उच्चारतो. बाजारातला 'दाम'ही मुळात ग्रीकांचे 'द्राख्मे' हे नाणे होय. हे शब्द ओळखता येतात, कारण त्यांच्या मधल्या पायऱ्या ग्रंथांत जपल्या गेल्या आहेत.

खारितिऑनच्या पपायरसच्या पाठीमागे त्याच प्रहसनातील एका भागाची दुसरी, काहीशी निराळी संहिता लिहिलेली आहे; म्हणजे नटमंडळी आपले संवाद बदलीत असत. ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून निघालेल्या लक्षावधी तुकड्यांपैकी फार थोडे आजवर वाचून प्रसिद्ध झाले आहेत. त्या पेट्यांत या नाटकाची आणखी एखादी प्रत असेल आणि राजाचे तेच बोल तीत निराळ्या हाताने लिहिलेले असतील, तर दोन्ही प्रतींची अक्षरे शेजारी ठेवून शब्द कोठे तुटतात हे प्रथमच तपासता येईल.