विंडोज १० चे मोफत अपडेट बंद. गावातल्या जुन्या कॉम्प्युटरचं आता काय करायचं?

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा, दूध डेअरी, आपले सरकार सेवा केंद्र... गावातलं बरंचसं काम आज कॉम्प्युटरवर चालतं. अनेक ठिकाणी हे कॉम्प्युटर सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले आहेत आणि त्यांच्यात विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर या विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले आहेत.

म्हणून कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. तो उद्याही सुरू होईल, प्रिंटही निघेल. त्यामुळेच बऱ्याच जणांना काही बदलल्याचं जाणवलेलं नाही.

हा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "अपडेट कशाला करायचं? मशीन उलट स्लो होतं." दुसरा म्हणतो, "विंडोज काढून लिनक्स टाका, व्हायरसची कटकटच नाही." दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. पण तेवढ्यावर निर्णय घेतला तर नुकसान होऊ शकतं.

पॅच म्हणजे काय?

कॉम्प्युटर किंवा मोबाइल ज्या मूळ सॉफ्टवेअरवर चालतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, अॅपलचं मॅकओएस आणि मोबाइलमधलं अँड्रॉइड या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच. माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळींमध्ये कुठे ना कुठे चूक राहतेच. अशा चुकीतून बाहेरच्या माणसाला आत शिरता आलं की ती झाली फट. कंपनी ती बुजवण्यासाठी जो छोटा तुकडा पाठवते तो पॅच, म्हणजे ठिगळ. मायक्रोसॉफ्ट असे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पॅच बाहेर पडला की फट कुठे होती हे चोरालाही कळतं. तो पॅच उघडून बघतो आणि ज्यांनी तो टाकलेला नाही त्यांना शोधत फिरतो. म्हणजे पॅच आल्यानंतर तो न टाकणाऱ्याचा धोका आधीपेक्षा वाढतो. विंडोज १० ला आता मोफत पॅचच येणार नाही. पुढे सापडणारी प्रत्येक फट त्या मशीनमध्ये तशीच उघडी राहणार.

दोन महिन्यांची दिरंगाई

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१७ चं आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका गंभीर फटीचा पॅच दिला. १२ मे रोजी त्याच फटीतून 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. मध्ये जवळपास दोन महिने होते. तरीही सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. फाइल्स कुलूपबंद व्हायच्या आणि त्या उघडून देण्यासाठी ३०० डॉलर मागितले जायचे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

त्या वेळी दोष जुन्या विंडोज एक्सपीला दिला गेला. प्रत्यक्षात बाधित झालेल्यांत बहुसंख्य मशीन विंडोज ७ ची होती. विंडोज ७ ला पॅच मार्चमध्येच मिळाला होता, फक्त तो टाकलेला नव्हता.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या' आला. त्याने इतर युक्त्यांबरोबर हीच फट वापरली. त्याचा फटका थेट आपल्या राज्यात बसला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. मर्स्कने या हल्ल्यात २० ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगितलं होतं.

अपडेट नको म्हणणाऱ्यांचंही ऐका

अपडेटमुळे कधीच काही बिघडत नाही असं नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नॉटपेट्याची सुरुवातही युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती.

पण याचा अर्थ अपडेट बंद ठेवायचं असा होत नाही. अपडेटच्या आधी महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून ठेवायची. कॉम्प्युटरलाच जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यातल्या फाइल्सही कुलूपबंद करतो. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी किंवा दूध बिलाच्या दिवशी अपडेट लावायचं नाही. काम कमी असेल त्या दिवशी लावायचं, पण महिनोन्‌महिने टाळायचं नाही.

मशीन स्लो होण्याची तक्रारही खोटी नाही. मात्र अशा वेळी रॅम किती आहे आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर तेच मशीन बरंच हलकं चालतं.

लिनक्स खरंच सुरक्षित आहे का?

लिनक्स मोफत आहे, कायदेशीर आहे आणि जुन्या मशीनवर चांगलं चालतं. लिनक्स म्हणजे काही परकी वस्तूही नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यात लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात.

पण "लिनक्सला काही होत नाही" हे खरं नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. पेरणाऱ्याने त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून इतरांचा विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदून पाहिलं आणि प्रकार उघड झाला. हे फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये! लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळेच त्यांना तो तपासता आला, हेही तितकंच खरं.

म्हणजे फटी सगळीकडे सापडतात. सापडल्यावर ठिगळ किती लवकर येतं आणि ते तुमच्या मशीनपर्यंत पोहोचतं का, हे महत्त्वाचं. अपडेट बंद असलेलं लिनक्स हे अपडेट सुरू असलेल्या विंडोजपेक्षा सुरक्षित मानता येणार नाही.

मग करायचं काय?

१. विंडोज ११ घ्या : मशीन साधारण २०१८ नंतरचं असेल तर बहुतेक वेळा विंडोज ११ मोफत मिळतं. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, तुमचं मशीन पात्र आहे की नाही ते तिथेच दिसतं. त्याआधीच्या बऱ्याच मशीनवर ते अधिकृतपणे चालत नाही.

२. मुदतवाढ घ्या : घरगुती वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याला सेटिंग्ज जोडल्या तर ती मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलर लागतात. संस्था आणि कार्यालयांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर आहे. शैक्षणिक संस्थांसाठी मात्र तो फक्त एक डॉलर आहे. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने याची चौकशी जरूर करावी.

३. लिनक्स टाका : उबंटू किंवा लिनक्स मिंटच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं मोफत अपडेट मिळतात. ब्राउझर, टायपिंग, शाळेतली लॅब यासाठी ते पुरेसं आहे. पण सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं डोंगल, स्कॅनर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतंय का, हे आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. विंडोज पुसायचा निर्णय त्यानंतरच घ्या.

४. यातलं काहीच जमत नसेल तर त्या मशीनचं इंटरनेट काढा : फक्त टायपिंग आणि प्रिंटसाठी ते वापरा. त्यावर बँकेचं काम करू नका, लोकांच्या आधारच्या प्रती ठेवू नका.

दुकानदाराने फुकटात टाकून दिलेली बिनपरवाना विंडोज असेल तर जास्त सावध राहा. अशा कॉपीत अपडेट अनेकदा मुद्दाम बंद केलेलं असतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

मोबाइलचंही बघा

हाच नियम तुमच्या फोनला लागू आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा. तिथे 'सिक्युरिटी अपडेट'समोर एक तारीख दिसेल. ती काही महिन्यांतली असेल तर ठीक. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं अॅप ठेवताना विचार करा.

आणि लक्षात ठेवा, खरं अपडेट कधीच व्हॉट्सअॅपवर येत नाही. चलान, पीएम किसान, लग्नपत्रिका किंवा "फोन अपडेट करा" अशा नावाने एपीके फाइल आली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या कर्जाचा हिशेब आहे, शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये मुलांची माहिती आहे, ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद आहे. या मशीनला अपडेट मिळतंय का आणि डेटाची दुसरी कॉपी कुठे ठेवली आहे, हे दोन प्रश्न येत्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या सभेत विचारायला हरकत नाही.